रोहिणीतील अडथळा : पाहणे आणि उघडणे

ठाण्याच्या कापूरबावडीपासून निघून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली ही गावे मागे टाकीत गायमुखाच्या घाटाकडे जाणारा घोडबंदरचा रस्ता ही मूळची खाडीकाठच्या बंदराची वाट. त्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले म्हणून त्यास घोडबंदर हे नाव पडले, असे सांगतात. आज त्या वाटेवर घोडा औषधालाही सापडावयाचा नाही. औषधांची दुकाने मात्र पावलोपावली आहेत. दुतर्फा उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी दवाखाने, रुग्णालये व तपासणी केंद्रे यांचे फलक एकमेकांना खेटून लागलेले आहेत. ज्या तपासणीसाठी पूर्वी पहाटेची गाडी धरून परळास जावे लागे, ती आता घरापासून हाकेच्या अंतरावर होते. ही सोय लहान नव्हे. परंतु सोयीबरोबर शब्दही घरात आले. ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’, ‘दोन स्टेंट’, ‘सी.टी.त काही तरी दिसले’ ही वाक्ये आता दिवाणखान्यात चहाच्या कपाबरोबर ऐकू येतात, आणि ती उच्चारणाऱ्यास त्यांचा नेमका अर्थ ठाऊक असतोच असे नाही.

या रस्त्यावरच्या दोन घरांची कल्पना करावी. पहिले कासारवडवलीचे. तेथील अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ संध्याकाळी साडेसहा वाजता चहा घेऊन उठतात तोच छातीवर कोणी पाटा ठेवावा तसा भार जाणवतो. दरदरून घाम फुटतो, डावा हात व जबडा दुखू लागतो. दुसरे घर पातलीपाड्याचे. तेथील गृहस्थ एकसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी तासभर फिरणारे. तक्रार काहीच नाही. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून ‘संपूर्ण तपासणी’चे पॅकेज घेऊन दिले, त्यात हृदयाचा सी.टी. झाला, आणि एका रोहिणीत सत्तर टक्के अडथळा असल्याचा अहवाल रात्री फोनवर येऊन पडला. त्या रात्री त्या घरात कोणाचाही डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही घरांत एकच शब्द उच्चारला गेलेला असतो, तो म्हणजे एंजिओप्लास्टी. नळी तीच, फुगा तोच, जाळी तीच. करणारे हातही कदाचित तेच. तरीही हे दोन प्रश्न एक नव्हेत. पहिल्या घरात प्रत्येक मिनिटाचा हिशेब आहे. दुसऱ्या घरात विचार करण्यास आठवडेच काय, महिने आहेत. गेल्या वीस वर्षांत हृदयाच्या चित्रणाविषयी व नळीच्या उपचाराविषयी जो मोठा वाद विद्वानांत झाला, तो बहुतांशी या भेदाभोवतीच फिरत राहिला आहे.

तो वाद समजण्यासाठी चित्र आणि नळी यांची गाठ कशी पडली हे पाहिले पाहिजे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथे राँटजेन यास क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे जे चित्र घेतले त्यात हाडे व बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. रक्तवाहिन्या मात्र उमटल्या नाहीत. कारण रक्त आणि मांस ही दोन्ही या किरणांना सारखीच वाट देतात. रक्तवाहिनी दिसावयाची तर तीत किरणांना अडवणारे काही तरी भरले पाहिजे, हे चटकन लोकांच्या ध्यानात आले. जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्नात एका मृत हाताच्या वाहिन्यांत असे द्रव्य भरून चित्र घेण्यात आले. जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्यांचे चित्र घेण्यास लिस्बनच्या एगास मोनिझला १९२७ साल उजाडावे लागले.

नळी हृदयापर्यंत नेण्याचे धाडस मात्र एका पंचविशीतल्या तरुणाने केले, आणि त्याची हकीकत कादंबरीत शोभावी अशी आहे. बर्लिनजवळील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा शिकाऊ शल्यचिकित्सक होता. हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयात सरकवता येईल, असे त्याचे मत. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. उपकरणांच्या कपाटाची किल्ली जिच्यापाशी असे त्या परिचारिकेस त्याने पटवले, आणि प्रयोग तिच्यावरच करावयाचा आहे असे भासवून तिला टेबलावर बांधले. मग तिच्या नकळत नळी स्वतःच्याच हातात घातली. नंतर तिला सोडवून, दंडातून लोंबणारी नळी सांभाळीत, तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचे चित्र घेऊनच थांबला. हे १९२९ साली घडले. वाहवा होण्याऐवजी त्याच्या वाट्यास शब्दांचा मार आला, आणि पुढे तो हृदयाचा विषय सोडून मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेकडे वळला. १९५६ साली नोबेल पारितोषिकाने त्याला शोधून काढले.

खुद्द हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या, ज्यांस आज धमन्या म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांत द्रव्य सोडल्यास माणूस दगावेल असा १९५८ पर्यंत समज होता. त्या वर्षी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स याच्या हातून नळीचे टोक चुकून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि द्रव्य तेथेच सुटले. रोग्याचे हृदय काही क्षण थांबले. त्यास खोकावयास सांगताच ते पुन्हा चालू झाले. ज्याला कोणी हात लावण्यास धजत नव्हते ते चुकीने होऊन गेले, आणि आज जिला सरसकट एंजिओग्राफी म्हणतात ती हृद्‌रोहिण्यांची तपासणी अशी अपघाताने जन्मास आली.

एवढ्यापर्यंत नळीचे काम केवळ पाहण्याचे होते. १९६४ च्या जानेवारीत पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर याने तिला उपचाराचे काम दिले. ब्याऐंशी वर्षांच्या एका वृद्धेचा पाय सडू लागला होता. शस्त्रवैद्य पाय कापा म्हणत होते आणि बाई ऐकत नव्हत्या. डॉटरने मांडीतील अरुंद रोहिणीतून एकाहून एक जाड नळ्या सरकवून ती रुंद केली, आणि बाईंचा पाय वाचला. हा डॉटर शल्यचिकित्सक नव्हता, हृदयतज्ज्ञही नव्हता. तो क्ष-किरणतज्ज्ञ होता, आणि चित्र घेणाऱ्याने उपचारास हात घालावा काय हा वाद त्याच दिवशी सुरू झाला म्हणावयास हरकत नाही. त्याचे पडसाद मोठ्या रुग्णालयांतून अद्यापि उमटतात. मेंदूतील गुठळी नळीने ओढून काढण्याचे काम कोणी करावे, यावरून निरनिराळ्या शाखांत आजही कुरबुर चालते. डॉटरच्या मार्गाने पुढे जाऊन आन्द्रेआस ग्रुन्त्सिग याने स्वयंपाकघराच्या टेबलावर नळीला चिमुकला फुगा जोडण्याचे प्रयोग केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या माणसाची हृद्‌रोहिणी त्या फुग्याने उघडली. फुग्याने उघडलेली वाहिनी पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवण्याचा उपक्रम १९८६ साली फ्रान्समध्ये झाला. सोन्स, डॉटर आणि ग्रुन्त्सिग हे तिघेही १९८५ या एकाच वर्षी वारले. आपण काय सुरू करून ठेवले आहे हे पुरते पाहण्यास त्यांपैकी एकही उरला नाही.

आता प्रश्न असा की, दिसलेला अडथळा उघडला म्हणजे पुढचा झटका टळला, हे गणित खरे आहे काय? ते इतके सरळ दिसते की त्याविषयी शंका घेणेच विचित्र वाटावे. नळ तुंबला, तो साफ केला, पाणी वाहू लागले. परंतु रोहिणी हा बिडाचा नळ नव्हे. तिच्या भिंतीत मेद साचतो तो भिंतीच्या आत, अस्तराखाली; आणि तेथे तो वर्षानुवर्षे राहतो. हृदयविकाराचा झटका बहुधा हा थर हळूहळू वाढून वाट बंद झाल्यामुळे येत नाही. एखाद्या थरावरील पातळ कवच अकस्मात फाटते, आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो, आणि जखमेवर जशी खपली धरावी तशी तेथे गुठळी धरून काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. फाटणारा थर कोणता? पुष्कळदा तो सत्तर टक्क्यांचा नसतो. तीस-चाळीस टक्क्यांचा, ज्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, तो असतो. एंजिओग्राफीच्या चित्रात वाहिनीतील मोकळी जागा तेवढी दिसते. भिंतीत काय शिजत आहे ते दिसत नाही. म्हणून एका ठिकाणी जाळी बसविल्याने तेवढी जागा रुंद होते, पण उरलेल्या सगळ्या भिंती पूर्वी होत्या तशाच राहतात. भिंतींवर काम करतात ती औषधे: रक्तातील मेद उतरविणारी, रक्त गोठू न देणारी, रक्तदाब आवरणारी. आणि अर्थात् तंबाखू सोडणे. ती दिसायला क्षुद्र आहेत. गोळीचे चित्र कोणी फोनवर पाठवीत नाही.

हे केवळ तर्काने सांगितले असते तर कोणी मानले नसते. २००७ साली अमेरिका व कॅनडा येथील २,२८७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘करेज’. हे सर्व रुग्ण स्थिर हृदयशूलाचे, म्हणजे ज्यांस श्रम केल्यावर छातीत दुखते आणि थांबल्यावर थांबते, असे होते. निम्म्यांस उत्तम औषधे दिली. निम्म्यांस तीच औषधे देऊन शिवाय नळीने उपचार केला. साडेचार वर्षांनी पाहता मृत्यू व झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात १८.५ टक्के आणि दुसऱ्यात १९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. रुग्ण नीट निवडलेले नव्हते, जाळ्या जुन्या पद्धतीच्या होत्या, असे आक्षेप घेण्यात आले, आणि त्यांत काही तथ्यही होते.

मग विलायतेत २०१७ साली जे झाले ते अधिक धीट होते. औषधाची परीक्षा करताना एका गटास खरी गोळी व दुसऱ्यास साखरेची गोळी देतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नळीच्या उपचाराची अशी परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती. ‘ऑर्बिटा’ या अभ्यासात २०० रुग्णांस गुंगी देऊन, कानांवर संगीताची यंत्रे लावून, टेबलावर घेण्यात आले. नळी सर्वांच्या शरीरात गेली. जाळी मात्र सुमारे निम्म्यांसच बसविली. कोणास बसविली हे रुग्णास ठाऊक नव्हते आणि पुढे त्याची तपासणी करणाऱ्यासही नव्हते. सहा आठवड्यांनी चालत्या पट्ट्यावर कोण किती वेळ टिकतो हे पाहिले, तेव्हा दोन गटांतील सुधारणेत जो फरक आढळला तो सरासरी १६.६ सेकंदांचा, आणि तोही निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतका लहान. उपचार झाला या विश्वासानेच पुष्कळांचे दुखणे हलके झाले होते.

येथे जाळीचे विरोधक विजयोत्सव करू लागले. तोही घाईचाच होता. २०२० साली ‘इस्केमिया’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते आणि त्यांत भारतीयही होते. आयुष्य वाढविण्याच्या बाबतीत नळीचा उपचार औषधांहून वरचढ ठरला नाही. परंतु ज्यांना वारंवार छातीत दुखत असे त्यांचे दुखणे त्याने निश्चित कमी केले. २०२३ साली ‘ऑर्बिटा’च्याच मंडळींनी ३०१ रुग्णांची दुखणे थांबविणारी औषधे बंद करून पुन्हा तशीच गुप्त परीक्षा घेतली, आणि या वेळी जाळी बसविलेल्यांस खरोखर अधिक आराम पडला. म्हणजे स्थिर दुखण्यात जाळी आराम देते, आयुष्य देते असे नाही. आराम ही थोडी गोष्ट नव्हे. येऊरची चढण चढताना दोनदा थांबावे लागणाऱ्यास ती न थांबता चढता येणे म्हणजे काय, हे त्यासच विचारावे. पण आपण जीव वाचविण्यासाठी कर्ज काढतो आहोत की चढण चढता यावी म्हणून, हे कर्ज काढणाऱ्यास आधी समजलेले बरे.

पातलीपाड्याच्या गृहस्थांस तर चढणीचीही तक्रार नाही. मग त्यांचा तो सी.टी. व्यर्थ गेला काय? गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १९७१ साली घेतले. धडधडणाऱ्या हृदयाचे स्थिर चित्र घेण्याइतकी ही यंत्रे जलद झाली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. तक्रार नसलेल्या माणसाने ती तपासणी सरसकट करून घ्यावी असे हृदयतज्ज्ञांच्या संस्थांचे मार्गदर्शन नाही. किरणांची मात्रा, मूत्रपिंडावर ताण पाडू शकणारे आयोडीनचे द्रव्य आणि नको ती धास्ती, हा तिचा खर्च बिलात दिसत नाही. परंतु ज्यांस छातीत दुखते त्यांच्या बाबतीत या चित्राचा एक अनपेक्षित गुण स्कॉटलंडात आढळला. तेथे ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांचा हृदयाचा सी.टी. केला, निम्म्यांचा केला नाही. पाच वर्षांनी, म्हणजे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत, सी.टी. झालेल्यांपैकी २.३ टक्के लोकांना झटका किंवा हृदयरोगाने मृत्यू आला. न झालेल्यांत हे प्रमाण ३.९ टक्के होते. गंमत अशी की नळीचे उपचार दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच झाले होते. फरक पाडला तो औषधांनी. चित्र पाहून डॉक्टरांनी योग्य त्या माणसास योग्य ती गोळी दिली, आणि रोग डोळ्यांनी पाहिल्यावर रुग्णाने ती घेतलीही असावी.

चित्रातल्या टक्केवारीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण घरोघर त्या आकड्याचा परीक्षेतील गुणांसारखा बाऊ होतो. हा आकडा बहुधा पाहणाऱ्याच्या नजरेचा अंदाज असतो. एकच चित्र दोन तज्ज्ञ साठ व ऐंशी असे वाचू शकतात. म्हणून नळीतून केसासारखी बारीक तार नेऊन अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजण्याची युक्ती निघाली. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या आठ-दशांशाहून जास्त भरला, तर अडथळा दिसतो खरा, पण फारसा अडवीत नाही, असे धरतात. २००९ साली १,००५ रुग्णांवर केलेल्या ‘फेम’ या अभ्यासात केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्यांपेक्षा दाब मोजणाऱ्यांनी जाळ्या कमी वापरल्या, आणि त्यांच्या रुग्णांचे वर्षभरात बरेही अधिक झाले.

याचा अर्थ स्थिर दुखण्यात चित्राकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. डाव्या बाजूच्या मुख्य रोहिणीच्या मुळाशी मोठा अडथळा असेल तर गोष्ट वेगळी. मधुमेही माणसाच्या तिन्ही रोहिण्या रोगट असतील तर जाळ्यांपेक्षा बायपास शस्त्रक्रियाच पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. ‘इस्केमिया’च्या अभ्यासातही बहुतेक रुग्णांचा सी.टी. आधी करून, मुख्य रोहिणीत रोग असलेले लोक वगळले होते. तेव्हा पातलीपाड्याच्या गृहस्थांनी डॉक्टरांस विचारावयाचे ते इतकेच: अडथळा नेमका कोठे आहे? त्याने रक्त खरोखर अडते काय, हे मोजले काय? आणि तीन महिने औषधे घेऊन पाहिल्यास बिघडते काय? चांगल्या डॉक्टरास या प्रश्नांचा राग येत नाही. चित्रांची तबकडी घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणे हाही अविश्वास नव्हे.

पैशाची बाजू थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. जुलै २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याच्या किमतीस मर्यादा घातली: साध्या जाळीस ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेल्या जाळीस २९,६०० रुपये. पूर्वी याच लेपाच्या जाळीस लाखाहून अधिक मोजणारी कुटुंबे होती. हे आकडे पुढे वेळोवेळी बदलले, तत्त्व राहिले. जाळीचे नाव, बनविणारी कंपनी व किंमत बिलात निराळी दाखविली पाहिजे, असाही त्या आदेशात दंडक आहे. मर्यादा जाळीस आहे, संपूर्ण उपचारास नाही, हे मात्र पुष्कळांस बिल हाती पडल्यावरच कळते. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार बसतो.

आता कासारवडवलीच्या घराकडे वळले पाहिजे. तेथे आपल्या या सगळ्या चर्चेस वेळ नाही. ज्या संशयाने पातलीपाड्याच्या घरी वागावयाचे, तोच येथे घातक ठरेल. येथे थराचे कवच फाटले आहे, गुठळी धरली आहे, आणि रक्तावाचून हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत आहे. निदानास महागडे चित्र लागत नाही; छातीला तारा लावून निघणारी ई.सी.जी.ची पट्टी दहा मिनिटांत पुष्कळसे सांगून जाते. ही गुठळी विरघळविण्याची औषधे गेल्या शतकाच्या नवव्या दशकातली. १९८६ साली इटलीत हजारो रुग्णांवर झालेल्या अभ्यासात झटक्यानंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले, आणि उशीर होत गेला तसा फायदा ओसरत गेला. पुढे नळीने वाहिनी उघडणे हे औषधाहून सरस ठरले. २००३ साली एकत्र केलेल्या २३ अभ्यासांत औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के दगावले, तर नळीच्या उपचारात ७ टक्के. स्थिर दुखण्यात जी जाळी आयुष्य वाढवीत नाही, तीच येथे जीव वाचविते.

परंतु नळी सरस, ती वेळेवर पोचली तर. आज सर्वमान्य झालेला दंडक असा की, ई.सी.जी.वर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत वाहिनी नळीने उघडणे शक्य असेल तर तेच करावे. नसेल तर वाट न पाहता दहा मिनिटांत गुठळी विरघळविणारे औषध द्यावे आणि मग मोठ्या रुग्णालयात हलवावे. २०१३ साली १,८९२ रुग्णांवर झालेल्या ‘स्ट्रीम’ अभ्यासात, ज्यांना तासाभरात नळीचा उपचार मिळणे शक्य नव्हते त्यांत, आधी औषध व मागाहून नळी या क्रमाचे फळ थेट नळीच्या उपचारासारखेच आले. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र औषधाने थोडा वाढला. मुरबाड-शहापूरच्या माणसास हा दुसरा मार्ग म्हणजे दुय्यम प्रतीचा उपचार नव्हे, तोच त्याचा योग्य उपचार होय. पण कितीही अद्ययावत यंत्रे दारात असली तरी घोडबंदर रस्त्यावरच्या माणसासही हा हिशेब सुटत नाही. गेली काही वर्षे मेट्रोच्या खांबांनी हा रस्ता अडविलेला. त्यात गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली किंवा एखादा अवजड ट्रक बंद पडला की वाहनांची रांग कोठवर जाईल याचा नेम नाही. अशा वेळी स्वतःची गाडी काढण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविणे बरे, कारण प्राणवायू व हृदय पुन्हा चालू करण्याचे यंत्र गाडीत असते आणि रुग्णालयास आधी कळविता येते. कळविलेले असले म्हणजे नळीची खोली उघडून मंडळी सज्ज राहतात. आणि जवळच्या रुग्णालयापेक्षा जेथे चोवीस तास ही खोली चालू असते तेथे जावे. ते कोणते, हे झटका येण्यापूर्वी एखाद्या निवांत रविवारी विचारून ठेवण्यासारखे आहे.

त्या संध्याकाळचा हिशेब मांडला तर तो काहीसा असा निघेल. साडेसहाला दुखू लागले. गॅस झाला असेल, असे पत्नीस वाटले. ओवा दिला, मग सोडा, मग पाठीस शेक. सातच्या सुमारास धाकट्या मेहुण्यांस फोन झाला, त्यांनी आणखी एक गोळी सुचविली. जरा पडून राहतो, असे गृहस्थ म्हणाले. आठ वाजून पाच मिनिटांनी मंडळी घराबाहेर पडली. वाघबीळपाशी वाहने खोळंबली होती. आठ चाळीसला रुग्णालयाचे दार आले. आठ अठ्ठेचाळीसला ई.सी.जी. निघाला आणि नऊ चाळीसला फुगा फुगून वाहिनी उघडली. गृहस्थ वाचले; हृदयाचा थोडा भाग मात्र कायमचा गेला. एकंदर तीन तास दहा मिनिटांपैकी रुग्णालयाने तास घेतला, रस्त्याने पस्तीस मिनिटे, आणि घराने पंचाण्णव. भेटीस येणाऱ्यांपाशी घरची मंडळी घोडबंदर रोडच्या वाहतुकीविषयी बोलतात.